नत्थुजीची तारीख

देवमन तायडे कॉलेजात गेला त्या दिवसापासूनच वकील झाला. अमरावतीच्या कॉलेजनं अजून त्याचं नाव हजेरीपटावरही चढवलं नव्हतं, पण भातकुलीजवळच्या त्याच्या गावानं त्याला सनद देऊन टाकली होती. साल १९५६. वस्तीत मॅट्रिक झालेला तो पहिला. लहानपणापासून तो 'मी वकील होणार' म्हणायचा आणि बोलण्यात त्याला हरवील असा माणूस आसपासच्या चार गावांत नव्हता. मग वाट कशाची पाहायची? त्याचा बाप मोतीराम स्वतः अंगठेबहाद्दर, पण विहिरीवर उभा राहून सांगायचा, "आमचा वकील शनवारी येऊन राह्यला." म्हाताऱ्या बाया त्याला वकीलसाहेब म्हणायच्या आणि पुढच्याच वाक्यात 'तू' म्हणून पिठाच्या गिरणीवर पिटाळायच्या.

त्याच वर्षी दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली, आणि देवमनचे बोलायचे दिवस सुरू झाले. आज वलगाव, उद्या खोलापूर, परवा आणखी कुठं. रिकाम्या बैलगाडीवर उभा राहून तो तास-तासभर बोलायचा. विषय एकच, पोरांना शिकवा. "पोरानं दोन तास पुस्तक वाचल्याबिगर त्याच्या ताटात भाकर वाढू नोका," असं तो ठणकावून सांगायचा आणि मग यजमानाच्या घरी पोटभर भाकर खाऊन, सायकल हाणत वसतिगृहात यायचा. त्याची स्वतःची पुस्तकं खिडकीत धूळ खात पडलेली असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच्या बोलण्यानं कितीतरी पोरं खरोखर शाळेत गेली, हे कोणी नाकारणार नाही. फक्त सांगणारा तेवढा वर्गात नसायचा.

१९५८च्या उन्हाळ्यात इंटरची परीक्षा झाली. देवमननं प्रत्येक प्रश्नाला भाषण लिहिलं. तर्कशास्त्राच्या पेपरात 'अनुमानातील दोष सांगा' असं विचारलं होतं, तिथं यानं समाजातले दोष सांगितले, चांगली तीन पानं. जूनमध्ये निकाल लागला. बाकीचे विषय तिशीत अडकून कसेबसे काठाला लागले होते, तर्कशास्त्रात शंभरातून एकवीस. तेवढा एक पेपर ऑक्टोबरात पुन्हा द्यायचा होता. बोर्डासमोर उभा राहून त्यानं तो आकडा चार वेळा वाचला आणि मग कोणी ओळखीचं दिसायच्या आत तो तिथून निघाला.

घरी जाऊन त्यानं सांगितलं, "निकाल लागला." पास की नापास, असं कोणी विचारलंच नाही. वकील नापास होऊ शकतो, ही गोष्ट त्या वस्तीत कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मोतीरामनं घरोघर गूळ वाटला. देवमननं खोटं असं काही सांगितलं नाही. त्यानं फक्त आपल्या वाटणीचा गूळ खाल्ला.

त्या गुळाचा एक खडा नत्थुजीच्याही घरी गेला होता. नत्थुजी हा वस्तीतला पन्नाशीचा माणूस, कामाला वाघ आणि बोलायला बेताचा. त्याचं दोन एकर शेत भगवंतराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याच्या वावराच्या मागं होतं आणि तिथं जायचा गाडीरस्ता भगवंतरावाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, होता. त्या पावसाळ्यात भगवंतरावानं बोरीच्या काट्यांचं कुंपण घालून तो रस्ता बंद केला. दुसरी वाट नाल्यातून, पायी. गाडी जायचं नाव नको. नत्थुजी सरळ देवमनकडे आला.

"वकीलसाहेब, आता तूच पाय," तो म्हणाला.

देवमननं त्याला काय घडलं ते दोन मिनिटं विचारलं आणि दीड पानाचा अर्ज लिहिला. अर्ज ऐकून वस्तीतल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात अन्याय होता, माणुसकी होती, हजारो वर्षांची गुलामी होती. अमरावतीच्या तहसील कचेरीत अर्ज दाखल झाला आणि तारीख पडली सोळा ऑक्टोबर. "तारखेले मी येतोच," देवमन म्हणाला. आठ दिवसांनी कॉलेजात फेरपरीक्षेचं वेळापत्रक लागलं. तर्कशास्त्र, सोळा ऑक्टोबर, अकरा ते दोन.

आता कोणीही म्हणेल, यात काय मोठं? तारीख वाढवून मागता आली असती, दुसऱ्या कोणाला सोबत पाठवता आलं असतं. पण त्यासाठी सांगावं लागलं असतं की वकीलसाहेबांचा नापास झालेल्या विषयाचा पेपर आहे. देवमननं मनाशी हिशेब मांडला, की कचेरीत दुपारच्या आत कोणाचा नंबर लागतो? दोनला पेपर संपेल, सव्वादोनला आपण तिथं. आदल्या आठवड्यात गावी जाऊन त्यानं नत्थुजीला बजावलं, "काका, तुमी फक्त जाऊन बसा. मी आल्याबिगर तोंड उघडू नोका. काही उलटसुलट बोलून बसान आन् सारा खेळ खराब होईन."

"नाई बोलत," नत्थुजी म्हणाला.

त्या दिवशी देवमननं पेपर बरा लिहिला. दोनची घंटा होताच सायकल दामटत तो कचेरीत पोचला. निंबाच्या झाडाखाली नत्थुजी आणि त्याची बायको गोदाबाई बसली होती. त्यांची पुकार बारालाच झाली होती. तहसीलदारानं विचारलं, रस्ता कधीपासून वापरता? पुरावा काय? नत्थुजी हात जोडून उभा. तहसीलदारानं तीनदा विचारलं. नत्थुजी दाराकडे पाहत राहिला. मग भगवंतराव पाव तास बोलला, तिथं रस्ता कधी नव्हताच म्हणाला, आणि अर्ज खारीज झाला.

"म्या तोंड नाई उघडलं, वकीलसाहेब," नत्थुजीनं सांगितलं. सांगितलेलं काम नीट केलं, अशा आवाजात.

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. देवमनच्या तोंडून निघालं, "काका, मले ताप आलता. सकायपासून उठवतच नव्हतं."

गोदाबाईनं लगेच त्याच्या कपाळाला हात लावला. उन्हातून सायकल हाणून आल्यामुळे कपाळ तापलेलंच होतं. "अजून गरम हाये वं माय पोर," ती म्हणाली, "अशा तापात आला, पाय." आणि तिनं फडक्यातली भाकर सोडून त्याच्यापुढं ठेवली. नवरा-बायकोनं आपल्यासाठी आणलेली ती शिदोरी होती, काळजीपोटी दोघांनीही अजून खाल्ली नव्हती. देवमननं खाल्ली. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

तर्कशास्त्रात त्रेचाळीस मिळाले आणि तो इंटर पास झाला. तहसीलदाराच्या निकालावर अपील करता येतं, त्याला मुदत असते, हे त्यानं एका वकिलाच्या कारकुनाला विचारून घेतलं होतं. पण अपील करायचं तर नत्थुजीसमोर पुन्हा बसायचं, 'तुम्ही का बोलला नाहीत' याचं उत्तर कागदावर लिहायचं. ते उत्तर एकच होतं आणि ते देवमन होता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मुदत गेली. गावात एव्हाना नत्थुजीला नाव पडलं होतं, मुका नत्थू. साहेबासमोर ज्याचं तोंड शिवलं गेलं तो. वकील बिचारा तापानं फणफणलेला आणि याला दोन शब्द बोलता आले नाहीत, असं लोक म्हणायचे. नत्थुजीही तेच म्हणायचा.

अमरावतीत राहिलं की बाजाराच्या दिवशी गावचं कोणीतरी भेटायचंच. देवमननं अकोल्याला पळ काढला. तिथं त्याचे मामा देवराव एका जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे बांधायचे. त्यांच्या खोलीत पथारी टाकून १९५९च्या जूनमध्ये त्यानं बी.ए.ला नाव घातलं. मामाला सांगितलं, "मामा, मले वकील व्हाचं हाये." मामा म्हणाले, "तू त झालाच हायेस ना?"

पहिल्याच चाचणीत इतिहासाच्या सरांनी त्याची वही परत दिली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'प्रश्न जमीनमहसुलाचा. उत्तर माणुसकीचं. भाषण उत्तम, गुण शून्य.' वर्ग हसला. देवमन वर्ग सुटल्यावर सरांकडे गेला आणि म्हणाला, "सर, मला उत्तर लिहिता येत नाही. शिकवा." सरांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. प्रश्न वाचायचा, तो काय विचारतो हे आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचं, त्या ओळीचं उत्तर द्यायचं आणि थांबायचं. सोपं वाटतं. ज्याला थांबायची सवय नाही त्याला ते उपाशी राहण्याइतकं जड जातं.

त्यानं ते दोन वर्षं केलं. सकाळी कॉलेज, दुपारी नगर वाचनालयाचा कोपरा, दिवे लागेपर्यंत. जुन्या प्रश्नपत्रिका मागून आणायचा, एकेक प्रश्न सोडवायचा आणि सर जिथं लाल रेघ मारतील ते पुन्हा लिहायचा. पहिल्या वर्षी इंग्रजीत छत्तीस होते ते सत्तेचाळीसवर आले. अकोल्याच्या पोरांनी जयंतीला भाषणासाठी बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "भाषन नाई. सतरंज्या टाकतो," आणि खरंच सतरंज्या टाकायला गेला. पोरांना वाटलं, किती नम्र माणूस. नम्रता कसली. आपण बोललो की कोणाला तरी गप्प बसावं लागतं, ही धास्ती त्याच्या मनात बसली होती. पुस्तक उघडलं की त्याला कचेरीचं ते दार दिसायचं आणि दाराकडे पाहणारा नत्थुजी. इतर पोरं पुढं काय मिळणार ते मनात धरून अभ्यास करत. देवमन मागं काय केलं ते आठवून करायचा, आणि अशा अभ्यासाला कंटाळा करायची सोय नसते.

सुट्टीतही तो गावी जात नसे. वर्षातून एकदा मोतीरामच अकोल्याला यायचा. देवमन आडून विचारायचा, "नत्थुजी काका कसे हायेत?"

"हाये ना. नाल्यातून डोक्यावर कापूस वाहून राह्यला. औंदा गोदाचा पाय घसरला नाल्यात. गुडघा गेला बिचारीचा." आणि मग बाप म्हणायचा, "तुह्याबद्दल इचारते ते. तब्बेत बरी हाये का पोराची, म्हन्ते."

१९६१च्या उन्हाळ्यात बी.ए.चा निकाल लागला. सेकंड क्लास, इतिहासात एकसष्ट. सरांनी पाठ थोपटली. मामांनी जिनिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. आता राहिलं होतं लॉ कॉलेज.

अमरावतीच्या लॉ कॉलेजात त्या वर्षी जागा थोड्या आणि अर्ज फार होते. तिथल्या प्राचार्यांचा एक नियम होता, ज्याच्या गुणपत्रिकेवर कुठंही नापासाचा शिक्का असेल त्यानं अर्जासोबत आपल्या हातानं खुलासा लिहून द्यायचा. देवमनची इंटरची गुणपत्रिका समोर ठेवून मामा-भाचे बसले. मामा म्हणाले, "त्यात काय? टायफॉइड झालता म्हनून लिहून दे. कोन पाहाले येते?"

देवमननं टाक उचलला आणि 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना. एका तापाचं खोटं त्याला तीन वर्षं जाळत होतं, त्यावर दुसरं कसं रचायचं? त्यानं कागद फाडला. नवा घेतला आणि वर एका ओळीत प्रश्न लिहिला, 'मी नापास का झालो?' खाली उत्तर लिहिलं. गावोगाव बोलत फिरलो, वाचलं नाही. नापास झाल्याचं लपवलं. लपवण्यासाठी एका माणसाला त्याच्या तारखेला एकटं पाठवलं आणि बोलू नको म्हणून सांगितलं. तो बोलला नाही. त्याचा रस्ता गेला, मी पास झालो. एवढं लिहून तो थांबला.

मुलाखतीत प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला. जुने वकील होते, चष्म्यावरून पाहायची सवय.

"हे सगळं खरं आहे?"

"हो, सर."

"या माणसाला हे माहीत आहे?"

देवमननं मान हलवली. नाही.

प्राचार्यांनी कागद घडी करून त्याच्याकडे परत दिला. "तुमचे बी.ए.चे गुण चांगले आहेत. इतकं मोजकं लिहिणारा मुलगा आज दुसरा आला नाही. नाव यादीत घालतो. पण हा खुलासा तुम्ही चुकीच्या माणसाला दिलात."

देवमन बाहेर आला. तीन वर्षं ज्यासाठी जीव काढला ते मिळालं होतं आणि त्याला व्हरांड्यात उभं राहायची लाज वाटत होती. नत्थुजीचं नुकसान करून तो इंटर पास झाला होता. आता त्याच नुकसानीची गोष्ट नेटक्या अक्षरात लिहून त्यानं लॉ कॉलेजात जागा मिळवली. आपण आपल्या पापाचाही उपयोग करून घेतला, असं त्याला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. त्यानं भातकुलीची गाडी पकडली.

नत्थुजी नुकताच वावरातून आला होता. गवताचा भारा अंगणात टाकून हातपाय धूत होता. ओट्यावर गोदाबाई पाय लांब करून ज्वारी पाखडत होती, गुडघा आता वाकत नव्हता. देवमनला पाहून दोघांचाही चेहरा फुलला.

"जय भीम, वकीलसाहेब! तब्बेत बरी हाये ना आता?" नत्थुजीनं विचारलं.

"काका, मले ताप आलाच नव्हता," देवमन म्हणाला.

तो उभ्याउभ्याच बोलला. इंटरची नापासी, गुळाचा खडा, अकरा ते दोनचा पेपर, अपिलाची मुदत, काही वगळलं नाही. गोदाबाईचं सूप थांबलं. नत्थुजी ओल्या हातांनी ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. अवघड हिशेब कोणी पुन्हा मांडून दाखवावा आणि आपण तो समजून घ्यावा, तसं तो पाहत होता.

तो म्हणाला, "मंजे मी बोललो असतो त चाललं असतं?"

"काय बोलले असते काका?"

नत्थुजीनं धोतराला हात पुसले. अंगणाच्या मधोमध जाऊन तो सरळ उभा राहिला, हात जोडले, आणि समोर कोणी खुर्चीवर बसलं आहे अशी नजर लावून बोलू लागला.

"साह्यब, माहा आजा याच रस्त्यानं गाडी ने. माहा बाप ने. मी पंचवीस वर्सं नेली. भगवंतरावचा बाप जित्ता व्हता तवा त्याच्या बी गाड्या आमच्याच मांगून येत. ते आता नाई म्हन्ते, त त्यायचं तोंड म्या धरत नाई. पन धुऱ्याच्या टोकाले खडक हाये, साह्यब. त्या खडकावर चाकोऱ्या पडल्या हायेत, चार बोटं खोल. एका दिवसात नाई पडत त्या. काट्यानं रस्ता झाकते, खडक कसा झाकन? तुमी सोता या आन् पाहा. नसन चाकोरी, त मी रस्ता सोडला."

आणि तो थांबला.

असं नेमकं बोलणं त्यानं बैलगाडीवरून कधी केलं नव्हतं आणि दोन वर्षं लाल रेघा खाऊनही त्याला इतकं साधलं नव्हतं. खडक पाहायला तहसीलदार आला असता. चाकोऱ्या दिसल्या असत्या. आणि त्याच्या स्वतःच्या दीड पानाच्या अर्जात खडकाचा एक शब्द नव्हता, कारण त्यानं विचारलंच नव्हतं.

"हे तुमाले कधी सुचलं?" त्यानं विचारलं.

"तवाच. कचेरीत जाताजाता गोदाले म्हनून दाखवलं होतं," नत्थुजी म्हणाला. "सारं पाठ होतं. साह्यबानं तीनदा इचारलं त तिन्ही बार तोंडापर्यंत आलं. मंग तुही याद आली." तो पुन्हा देवमनकडे वळला. "खरं सांग आता. असं बोललो असतो, त चाललं असतं का?"

होय म्हटलं तर या माणसाचे तीन पावसाळे आपण हातानं नाल्यात लोटले हे कबूल होतं. नाही म्हटलं तर तो जन्मभर मुका राहणार होता.

"चाललं असतं, काका," देवमन म्हणाला. "रस्ता तुमालेच भेटला असता. वकिलाची जरूरच नव्हती."

नत्थुजीनं मान डोलावली. मग ओट्याकडे पाहून तो हलक्या आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "गोदा, आयकलं का तुनं? मी मुका नव्हतो."

गोदाबाईनं सूप बाजूला ठेवलं. भिंतीला धरून ती उठली, एकेक पाय टाकत देवमनपर्यंत आली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी तिनं कपाळाला हात लावला नाही.

"हे त्याले सांगाले तुले तीन वर्सं काहून लागले?" तिनं विचारलं.

प्रश्न सरळ होता. देवमननं एका ओळीत उत्तर दिलं, "मले वकीलसाहेब म्हनून घ्याचं होतं," आणि तो थांबला.